सिकंदराचा द्राख्मा आणि मिनँडरचं एक नाणं: घेऊ की नको?

इसारकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबलाय.

गेली सहा वर्षं मी म्युनिकला राहतो. लहानपणी भोकाचा पैसा, मग कॉलेजात शिवराया, असा माझा नाण्यांचा प्रवास. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात राजवाड्याच्या आवारातल्या नाणेसंग्रहालयात गेलो आणि सिकंदराचं चार द्राख्मांचं चांदीचं नाणं पाहिलं. वजन सुमारे १७ ग्रॅम, आपल्या जुन्या एक रुपयाच्या नाण्याहून फार मोठं नाही, पण उठाव असा की हेराक्लीसच्या डोक्यावरच्या सिंहाच्या आयाळीची बट न् बट मोजावी. शिवराई हाताळलेल्या माणसाला हा उठाव पाहून काय वाटतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. अर्धा तास त्या एका काचेपुढे होतो.

चार द्राख्मांचं नाणं माझ्या खिशाला झेपणारं नव्हतं. दोन वर्षांनी लिलावात एक साधा द्राख्मा घेतला. ४.१९ ग्रॅम. दर्शनी बाजूला सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, उजव्या हातावर गरुड, डाव्या हातात राजदंड, आणि पाठीमागून उभं लिहिलेलं 'अलेक्झांड्रू', म्हणजे अलेक्झांडरचं. झ्यूसच्या पुढ्यात लायर हे छोटं तंतुवाद्य आहे. त्यावरून कळतं की हे कोलोफॉनच्या टाकसाळीतलं, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं.

सिकंदर ख्रिस्तपूर्व ३२३ मध्ये बॅबिलॉनला वारला. माझं नाणं त्यानंतरच्या काही वर्षांतलं. त्याच्या नावाने नाणी पडतच राहिली, काही शहरांत तर दोनशे वर्षांहून जास्त. द्राख्मे मात्र आशिया मायनरमध्येच एवढे का पडले याचं अभ्यासकांनी दिलेलं कारण मला फार आवडतं: घरी परतणाऱ्या सैनिकांचे पगार. दहा-अकरा वर्षं चालत पंजाबपर्यंत जाऊन आलेला एखादा म्हातारा शिपाई हे नाणं कमरेला बांधून गावी गेला असेल. हा विचार आला की मी अजूनही नाणं डबीतून काढून तळहातावर घेतो.

आता प्रश्न. इथे महिन्यातून एकदा नाण्यांचा बाजार भरतो. परवा एका विक्रेत्याकडे मिनँडरचा चांदीचा द्राख्मा दिसला. वायव्य भारतातला ग्रीक राजा, बौद्ध ग्रंथात येतो तो आपला मिलिंद. ९० युरो म्हणाला. 'जुन्या संग्रहातला आहे' एवढंच सांगतो, कागद काही नाही. पुढच्या महिन्यापर्यंत राखून ठेवतो म्हणालाय. खरं-खोटं कसं ओळखू? आणि घेऊ का?

टाकसाळ

पहिल्याच धाग्यात इतकं मन लावून लिहिलंत, छान वाटलं. मी वीस-बावीस वर्षं ग्रीक आणि इंडो-ग्रीक चांदी हाताळतोय, तेव्हा खऱ्या-खोट्याचं सांगतो.

सगळ्यात आधी कड बघा. दर्शनी बाजू बघून माणूस प्रेमात पडतो, म्हणून ती सगळ्यात शेवटी. अस्सल नाणं ठशांनी पाडलेलं असतं. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. घावाने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, म्हणून कडेला बारीक चिरा पडतात आणि अक्षरांभोवती धातू वाहिल्याच्या पुसट रेघा दिसतात. दहापट भिंगातून नीट दिसतात. ओतीव नकलेत या रेघा नसतात. पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, त्यावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, आणि कडेला दोन साच्यांचा सांधा किंवा तो कानशीने घासल्याची खूण.

पण सगळ्या नकला ओतीव नसतात, आणि खरी भीती तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा माणूस होता. त्याने स्वतः पोलादी ठसे कोरून ग्रीक-रोमन नाणी पाडली. नवी नाणी लोखंडाच्या किसात घालून डबी आपल्या गाडीच्या खाली बांधायचा आणि फिरायला निघायचा, म्हणजे हादऱ्यांनी ती झिजून जुनी दिसावीत. त्याचे ठसे आता बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. आजचे नकलाकार खऱ्या नाण्यावरून ठसा तयार करतात. अशा वेळी उपयोगी पडते ती तुलना. एकाच ठशातून पडलेली दोन खरी नाणी सारखी दिसतील, पण चकतीचा आकार, चित्र कुठे सरकलंय, कुठे झिजलंय, हे सारखं असूच शकत नाही. खरचट्यासकट हुबेहूब जुळणारं दुसरं नाणं कुठे विक्रीला दिसलं तर दोन्हींपासून लांब राहा.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने सिकंदर, सेल्युसिड, टॉलेमी आणि बॅक्ट्रिया-इंडो-ग्रीक नाण्यांच्या सूची फोटोंसकट जालावर मोफत ठेवल्या आहेत. सिकंदरासाठी मार्टिन प्राइस यांच्या १९९१ च्या सूचीचे क्रमांक सगळे वापरतात, मिनँडरसाठी बोपेअराच्ची यांचे, तेही १९९१ चेच. रोज रात्री वीस नाणी पाहायची सवय लावा. सहा महिन्यांत डोळा तयार होतो.

वजन सांगा. इंडो-ग्रीक द्राख्मा २.४५ ग्रॅमच्या आसपास हवा, तुमच्या सिकंदराच्या द्राख्म्याहून बराच हलका. हिंदुकुश ओलांडल्यावर त्यांनी ग्रीक वजनमाप सोडून इथल्या बाजाराला सोसेल असं माप धरलं.

कासवचाल

टाकसाळ यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. माझे आजोबा सोनार होते, म्हणून विचारते, कसोटीवर घासून चांदीचा कस नाही का बघता येणार? किंवा पाण्यात वजन करून?

टाकसाळ

ताई, कसोटीवर अजिबात नको. एक घास म्हणजे बावीसशे वर्षांच्या पृष्ठभागावर कायमची जखम.

पाण्यातलं वजन मात्र उत्तम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडायचं, तळाला-भिंतीला न टेकता. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं नाण्याचं आकारमान. मूळ वजनाला त्याने भागा. माझ्याकडचं चार द्राख्मांचं एक नाणं १७.०२ ग्रॅमचं आहे, पाण्यात १.६४ आलं, भागाकार १०.३८. शुद्ध चांदीचा आकडा १०.४९, तेव्हा ठीक. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी फसवी नाणी त्या काळातही लोक करत. ती नऊच्या जवळ येतात.

पण मिनँडरच्या द्राख्म्याला ही परीक्षा तोकडी पडते. २.४ ग्रॅमच्या नाण्याचं पाण्यातलं वजन जेमतेम ०.२३ येणार. शेवटचा आकडा एकाने हलला की उत्तर १०.४ चं १० होतं. त्यावर निर्णय घेऊ नका.

आणि इसारकाठ, घेतलंत तर चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, काहीही लावू नका. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते. फरशीवर पडलेलं नाणं बिस्किटासारखं दोन तुकडे झालेलं मी पाहिलंय. माझंच होतं. त्या दिवसापासून मी नाणं हातात घेताना खाली पंचा अंथरतो.

रानवाट_२

मला या विषयात काहीच कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. ग्रीक राजाच्या नाण्यावर भारतीय लिपी असते का? वाचायची कशी?

गोदाकाठ

रानवाट, असते, आणि सुंदर असते. मिनँडरच्या द्राख्म्यावर दर्शनी बाजूला राजा आणि भोवती ग्रीक अक्षरं: 'बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू'. काही नाण्यांवर राजा पाठमोरा असतो, भाला फेकण्याच्या पवित्र्यात, मान वळवलेली. मागे अथेना, एका हातात ढाल, दुसऱ्याने वज्र फेकतेय. तिच्याभोवती खरोष्ठी, उजवीकडून डावीकडे वाचायची: 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. महाराज, त्राता, मिनँडर याचं. सोतेर म्हणजेही तारणारा. एकच वाक्य दोन भाषांत.

याचं पुढे काय झालं ते फार मोठं आहे. खरोष्ठी वाचणारं जगात कुणी उरलं नव्हतं. १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन काबूलजवळ बेग्रामच्या माळावर हजारोंनी नाणी गोळा करत होता, आणि कलकत्त्याच्या टाकसाळीतले जेम्स प्रिन्सेप ती ताडून पाहत होते. एका बाजूची ग्रीक नावं वाचता येत होती, त्यावरून दुसऱ्या बाजूची अक्षरं एकेक करून सुटली. राजाचं नाव जिथे, तिथे ते नाव, पदवी जिथे, तिथे पदवी. तळहाताच्या खळग्यात मावणाऱ्या नाण्यांनी एक अख्खी लिपी परत बोलती केली. मी शाळेत हे मुलांना सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकतात.

आता माझ्या गावाकडची गोष्ट. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बाजाराबद्दल लिहिलंय की अपोलोडोटस आणि मिनँडर या इंडो-ग्रीक राजांचे जुने द्राख्मे तिथे अजून चालतात. मिनँडर जाऊन तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती! लोकांच्या हाताला त्या नाण्याची सवय झाली होती. म्हणून पश्चिम क्षत्रपांनी, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक राजांनी, आपली चांदीची नाणी पाडली ती त्याच मापाची, राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं. त्यांच्यातल्या नहपानाच्या नाण्यावरची ग्रीक अक्षरं वाचायला गेलात तर आत ग्रीक भाषा नाहीच. 'रञ्ञो क्षहरातस नहपानस', म्हणजे आपली प्राकृत, ग्रीक लिपीत. मागे तेच ब्राह्मीत आणि खरोष्ठीत.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला, गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ, नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या गालावर सातवाहनांचा डोंगर. पराभूत राजाची नाणी वितळवायलाही न थांबता त्याने ती आपली केली. लेण्यांतल्या लेखांत सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निर्वंश केला असं लिहिलंय, आणि हा साठा त्याचा पुरावा.

इसारकाठ, तुमच्या हातात येऊ घातलेलं नाणं या नाण्यांचं पणजोबा आहे. आपण 'दाम' म्हणतो, 'दामदुप्पट' म्हणतो, तो दामसुद्धा द्राख्मा, द्रम्म असाच आलाय.

रानवाट_२

दाम म्हणजे द्राख्मा?! आज घरी सगळ्यांना सांगणार.

अपरांता

सगळे इतके रंगलेत की मला हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. इसारकाठ, कागद नसेल तर घेऊ नका.

मिनँडरचा द्राख्मा आज ९० युरोला का मिळतो? कारण बाजारात त्याचा पूर आला. अफगाणिस्तानात मीर झकाह नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरीत १९४७ मध्ये एक साठा मिळाला, त्यातला बराचसा काबूलच्या संग्रहालयात गेला. १९९२ पासून पुढे, यादवी युद्धात, तिथूनच त्याच्या कितीतरी पट मोठा साठा निघाला. अभ्यासकांचा अंदाज पाच लाखांहून जास्त नाण्यांचा. पेशावरच्या बाजारात पोत्यांनी विकली गेली. कुणी नोंद केली नाही, कोणत्या नाण्याबरोबर कोणतं होतं ते आता कधीच कळणार नाही. त्याच वर्षांत काबूलचं संग्रहालयही लुटलं गेलं. 'जुना संग्रह' हे दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्द त्या पोत्यालाही चिकटवता येतात.

गोदाकाठ यांनी प्रिन्सेपचं सांगितलं. ते शक्य झालं कारण मॅसन नाणी कुठून आली ते लिहून ठेवत होता. जोगलटेंभीचं महत्त्व कळलं कारण साठा फुटायच्या आत रेव्हरंड स्कॉट यांनी तो नाणं न् नाणं पाहिला. तीच तेरा हजार नाणी तेरा हजार घरांत गेली असती तर 'नऊ हजारांवर दुसरा ठसा' हे वाक्य लिहिता आलं नसतं.

टाकसाळ

अपरांता, मीर झकाहबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मला त्याचं दुःखही आहे. पण दुसरी बाजू मांडतो. इंग्रजी अमलात शेकडो अधिकारी रावळपिंडी-पेशावरला नाणी जमवत होते. ते संग्रह युरोपात गेले, वारसांनी विकले, आणि तेव्हा पावती कुणी जपत नव्हतं. माझ्याकडच्या काही नाण्यांना कागद नाही, पण त्यांच्यावरचा शंभर वर्षांचा लाकडी कपाटाचा काळपट रंग मला दिसतो. कागद नाही म्हणजे चोरीचं, असं सरसकट म्हणता येणार नाही.

अपरांता

सरसकट म्हणत नाहीये. ज्याला शंका आहे, आणि थांबायला वेळ आहे, त्याने थांबावं एवढंच. जर्मनीत २०१६ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानंतर वस्तू कुठून आली याची चौकशी करणं विक्रेत्याचंही काम आहे. त्याला विचारा तरी.

माझ्या तळमळीचं कारण घरचं आहे. आमच्या आजोळी, धुळ्याच्या बाजूला, विहीर खणताना चांदीच्या बारीक नाण्यांचा गडू निघाला होता. मी आठ वर्षांची. १८७८ चा कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन मिळालं तर कलेक्टरला कळवायचं. कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी लोक भ्यालेच असते. भावकीत वाटणी झाली, सोनाराने वितळवून जोडवी केली. एका नाण्यावर मिशीवाल्या माणसाचं तोंड होतं आणि भोवती बारीक रेघा होत्या एवढंच मला आठवतं. त्या रेघा म्हणजे ग्रीक अक्षरं होती का, हे मी गेली तीस वर्षं स्वतःला विचारतेय.

कासवचाल

अपरांता, वाचून पोटात कालवलं.

निवांत

विषयांतर होतंय, पण सुरुवात करणाऱ्यांनी मिनँडरच्याच मागे का लागावं? ऱ्होड्स बेटाची चांदी बघा. पुढे सूर्यदेव हेलिओस, मागे गुलाब. ग्रीकमध्ये गुलाबाला ऱ्होडॉन म्हणतात, शहराने आपलं नावच फुलात कोरलं. लहान नाणी अजून परवडतात, जुन्या लिलावांच्या नोंदीही मिळतात.

इसारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभर हा धागा रोज वाचला. काल बाजार होता.

विक्रेत्याला आधी भिंग आणि काटा दाखवून परवानगी मागितली. वजन २.३८. कडेला चिरा, अक्षरांभोवती रेघा, सगळं टाकसाळ यांनी सांगितल्यासारखं. मग खरोष्ठी वाचली. गोदाकाठ, उजवीकडून सुरुवात केली, 'म' लागला, 'ह' लागला, आणि 'त्रतरस' पूर्ण लागलं तेव्हा मी मोठ्याने वाचलं. विक्रेता दचकला. त्याच्याकडे ही नाणी वीस वर्षं आहेत, पण मागच्या बाजूला काय लिहिलंय हे त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मग विचारलं, संग्रह कुणाचा? तो प्रामाणिकपणे म्हणाला, एका माणसाने वीस वर्षांपूर्वी पिशवीभर आणून दिली होती, त्याआधीचं ठाऊक नाही. नाणं खरं आहे याबद्दल मला शंका नव्हती. तरी परत ठेवलं. ठेवताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू.

दोन टेबलं पलीकडे एक वयस्कर बाई नवऱ्याचा संग्रह विकत होत्या. त्यांच्याकडेही मिनँडर होता. पुष्कळ झिजलेला, राजाचं नाक सपाट, अथेनेची ढाल अर्धी चकतीच्या बाहेर. पण त्याच्याबरोबर छोटं पाकीट होतं, त्यावर नवऱ्याच्या हस्ताक्षरात १९७४, दुकानाचं नाव, किंमत मार्कांत, आणि त्या दुकानाच्या यादीचं कापलेलं पान. पानावर याच नाण्याचा फोटो, ढाल तशीच कापलेली. १३० युरो दिले. घरी वजन केलं, २.२९.

टाकसाळ

२.२९ झिजेला साजेसं आहे. अभिनंदन. पाकीट नाण्याबरोबरच ठेवा, पण प्लॅस्टिक मऊ असेल तर बदला, त्याने चांदी हिरवी पडते. आणि घरी जाऊन मीही माझ्या कपाटातली पाकिटं काढून बसलो काल. ज्यांचं मला आठवतंय त्यांचं तरी लिहून ठेवतोय, कुठे घेतलं, कुणाकडून, कधी.

अपरांता

टाकसाळ, हे वाचून खूप बरं वाटलं. इसारकाठ, तुमचंही अभिनंदन.

इसारकाठ

डिसेंबरात तीन आठवडे नाशिकला येतोय. गोदाकाठ, तुम्हाला दाखवायला नाणं घेऊन येऊ का?

गोदाकाठ

अहो, मुळीच आणू नका! आपल्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू आहे, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. आणलंत की परत नेताना विमानतळावर अडकाल, आणि तुमचं ते १९७४ चं पाकीट कितीही खरं असलं तरी कागदांच्या फेऱ्यात सुट्टी जाईल.

नाणं म्युनिकलाच राहू दे. दोन्ही बाजूंचे फोटो मोठे छापून आणा, नाण्याच्या खऱ्या मापाचाही एक छापा. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथे जाऊ. अपरांता, जमलं तर तुम्हीही या. नहपानाच्या नाण्याशेजारी तुमचा मिनँडर ठेवू, आणि तुम्ही आठवून बघा, गडूतल्या त्या रेघा कशा होत्या.

अपरांता

येते. तारीख कळवा.